चढ की उतार? पृष्ठभागाचा कल मेंदू कसा ठरवतो

[दृश्य : टेबलावर स्टीलचे रिकामे ताट. कॅमेरा वरून हळूहळू खाली, ताटाच्या कडेच्या पातळीपर्यंत येतो.]

टेबलावरचे हे ताट गोल आहे, याविषयी कोणालाही शंका नाही. परंतु या क्षणी पडद्यावर उमटलेली आकृती गोल नाही. ती लंबवर्तुळ आहे, आणि कॅमेरा जसजसा खाली येतो तसतसे ते लंबवर्तुळ अधिकाधिक चपटे होत जाते. डोळ्याच्या आत, दृष्टिपटलावर, नेमके हेच घडत असते. तरीही पाहणाऱ्याला ताट चेपत गेल्यासारखे वाटत नाही. ते गोलच राहते, आपल्यापासून दूर कलत गेलेले दिसते.

हे वाटते तितके साधे नाही. तेवढेच लंबवर्तुळ समोर सरळ उभ्या धरलेल्या लांबट तबकानेही उमटले असते. कमी-अधिक लांबट आणि कमी-अधिक कललेल्या असंख्य वस्तूंची दृष्टिपटलावरची आकृती एकसारखीच असू शकते, आणि त्यांतली खरी कोणती हे सांगणारी खूण त्या आकृतीत नसते. उत्तर मेंदूला अन्य मार्गांनी काढावे लागते, आणि ते इतक्या झटपट काढले जाते की प्रश्न होता याचीही जाणीव आपल्याला होत नाही.

प्रश्नाचे दोन भाग आहेत. पृष्ठभाग आपल्या दृष्टिरेषेच्या मानाने किती कलला आहे, हा पहिला. आणि तो कोणत्या बाजूला कलला आहे, हा दुसरा. अर्धवट उघडलेले दार आणि पायांखालची जमीन या दोहोंचा कल अंशांत सारखा असू शकतो, मात्र दार डावी-उजवीकडे मागे जाते आणि जमीन वरच्या दिशेने मागे जाते. या दोन राशी मिळाल्या की त्या ठिकाणी पृष्ठभागाचे तोंड कोणीकडे आहे, हे पूर्ण ठरते. डेव्हिड मार या ब्रिटिश संशोधकाने १९७०च्या दशकात असे मांडले, की वस्तू ओळखण्याच्या आधीच दृष्टी एक मधला आराखडा तयार करते आणि त्यात समोरच्या प्रत्येक लहान ठिकाणाचे अंतर आणि कल नोंदलेले असतात. वस्तूची संपूर्ण त्रिमिती आकृती त्यात नसल्यामुळे त्याने या आराखड्याला ‘अडीच मितींचा’ म्हटले. असा आराखडा मेंदूत खरोखर एका जागी मांडलेला असतो का, यावर पुढे बरीच चर्चा झाली. मात्र पेल्याला ‘पेला’ म्हणण्याआधी त्याची बाजू हाताला कोणत्या कोनात भेटणार हे कळणे जास्त निकडीचे असते, हा त्यातला विचार मला आजही मोलाचा वाटतो.

[दृश्य : विमानाच्या कॉकपिटमधून दिसणारी, जवळ येत जाणारी धावपट्टी.]

या विषयाचा पाया ज्यांनी घातला त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलासाठी वैमानिकांच्या चाचण्यांवर काम केले होते. खोलीची जाण तपासणाऱ्या तत्कालीन चाचण्यांवरून कोण चांगले विमान उतरवील हे कळत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. वैमानिकाला एकेकट्या वस्तूंचे अंतर जोखायचे नसते. त्याच्यासमोर अखंड पसरलेली जमीन असते आणि तो त्या जमिनीच्या पोताकडे पाहत असतो. गवताचे पुंजके, खडी, शेतांचे बांध, धावपट्टीवरच्या रेघा हे सर्व जवळ मोठे आणि विरळ दिसते, तर दूर लहान, चपटे आणि दाट होत जाते. या क्रमशः बदलाचा वेगच पृष्ठभागाचा कल सांगतो, ही कल्पना गिब्सन यांनी १९५० साली मांडली. पोताची चित्रे पडद्यावर दाखवून त्यांनी लोकांना कल विचारला, तेव्हा लोकांना कल दिसला खरा, पण तो खऱ्याहून कमी दिसला; पृष्ठभाग आपल्याकडे सरळ तोंड करून उभा आहे, असे समजण्याकडे दृष्टीचा ओढा राहिला.

हे असे का होते, ते भूमितीवरून समजते. फरशीवर गोल नक्षी असेल तर प्रत्येक गोलाची दिसणारी उंची कलाच्या कोज्येच्या प्रमाणात घटते. पृष्ठभाग ० अंशावरून १० अंशांवर कलला तर ही उंची जेमतेम दीड टक्क्याने कमी होते, आणि एवढा फरक टिपणे अवघड असते. परंतु तोच पृष्ठभाग ६० अंशांवरून ७० अंशांवर गेला तर उंची जवळपास एक-तृतीयांशाने घटते. म्हणजे समोर उभ्या भिंतीचा बारीकसा कल पोतावरून जवळजवळ ओळखता येत नाही, आणि पायांखालून दूर जाणाऱ्या फरशीचा कल मात्र त्याच पोतावरून फार चांगला ओळखता येतो.

पोताची आणखी एक मर्यादा आहे. एका लंबवर्तुळावरून पृष्ठभाग कोणत्या अक्षाभोवती फिरला आहे हे कळते, पण त्याची वरची कडा आपल्यापासून दूर आहे की जवळ, हे कळत नाही. त्यासाठी जवळचे मोठे आणि दूरचे लहान हा फरक दिसावा लागतो, आणि वस्तू छोटी असेल तर तो दिसत नाही.

[दृश्य : घडी घातलेले कार्ड टेबलावर, कौलारू छपरासारखे.]

याचा अनुभव घरी घेता येतो. एखादे कोरे कार्ड लांबीच्या बाजूने मधोमध दुमडा, छपरासारखे टेबलावर ठेवा, एक डोळा बंद करा आणि थोड्या वरून, घडीच्या एका टोकाकडून त्याच्याकडे निश्चल नजरेने पाहत राहा. थोड्या वेळाने ते कार्ड आडवे छप्पर न राहता उभ्या, उघडलेल्या पुस्तकासारखे दिसू लागेल. एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचे वर्णन केले होते, म्हणून याला माखचे कार्ड म्हणतात. खरी गंमत पुढे आहे. कार्ड उलटले, की त्याच्या एका बाजूवरची साधी सावली सावली वाटेनाशी होते आणि कागदाला कोणीतरी करडा रंग दिला असावा अशी दिसू लागते. डोके किंचित हलवले तर स्थिर कार्ड डोलू लागते. कागद तोच, प्रकाश तोच आणि दृष्टिपटलावरची आकृतीही तीच. बदलला आहे तो फक्त कलाविषयीचा निष्कर्ष, आणि तो बदलताच रंग आणि गती यांचे अर्थही त्याच्यामागोमाग बदलले. दुसरा डोळा उघडा. कार्ड सहसा तत्काळ पुन्हा छप्पर होते.

दुसरा डोळा एवढे काय आणतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगवेगळी चित्रे दाखवणारे उपकरण, मांडून दाखवले. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर असते, त्यामुळे दोन डोळ्यांवरच्या प्रतिमा किंचित वेगळ्या पडतात. दाराप्रमाणे उभ्या अक्षाभोवती कललेला पृष्ठभाग एका डोळ्याला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद दिसतो. ४५ अंशांत कललेले पुस्तक अर्ध्या मीटरवर धरले तर या दोन रुंदींत सुमारे बारा-तेरा टक्क्यांचा फरक पडतो. तेवढ्याच कलाची वस्तू पाच मीटरवर असेल तर फरक सव्वा टक्क्यावर येतो, आणि पन्नास मीटरवर तो नगण्य होतो. म्हणून हातातल्या वस्तूचा कल ठरवताना दोन डोळ्यांचा साक्षीपुरावा बळकट असतो आणि समोरच्या डोंगराचा कल ठरवताना तो जवळजवळ निरुपयोगी असतो. तिरप्या नंबरचा नवा चष्मा लावल्यावर पहिले काही दिवस जमीन एका बाजूला झुकल्यासारखी वाटते, तीही याच कारणाने. भिंगामुळे एका डोळ्याची प्रतिमा एका दिशेने ताणली जाते, आणि मेंदू त्या ताणाचा अर्थ कल असा लावतो. हा परिणाम केनेथ ओगल यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत प्रयोगांनी तपासला, आणि त्यात एक चमत्कारिक गोष्ट निघाली : एका डोळ्याची प्रतिमा फक्त उभ्या दिशेने ताणली तरी पृष्ठभाग उभ्या अक्षाभोवती कललेला दिसतो, आणि तोही आडव्या ताणाने दिसतो त्याच्या विरुद्ध बाजूला.

[दृश्य : सह्याद्रीचे हिवाळ्यातील उपग्रहचित्र, उत्तर वर. काही क्षणांनी तेच चित्र १८० अंशांत फिरते.]

छायाप्रकाशाची साक्ष सर्वांत आकर्षक आणि सर्वांत बेभरवशाची आहे. पडद्यावर दिसणारे हे चित्र सह्याद्रीचे आहे, पण अनेकांना यात डोंगरांच्या जागी दऱ्या आणि दऱ्यांच्या जागी डोंगर दिसतील. कोयनेचा जलाशय तर एखाद्या डोंगराच्या धारेवर ठेवल्यासारखा भासू शकतो. चित्रात काहीही बिघाड नाही. लँडसॅटसारखे उपग्रह आपल्यावरून सकाळी दहाच्या सुमारास जातात, हिवाळ्यात त्या वेळी सूर्य आग्नेयेला असतो, आणि नकाशाप्रमाणे उत्तर वर ठेवली की प्रकाश चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून येतो. आपल्या दृष्टीने मात्र प्रकाश वरून येतो हे गृहीत धरलेले असते. आता चित्र उलटे केले आहे, आणि डोंगर आपापल्या जागी परतले आहेत. नकाशे काढणारे लोक या सवयीला केव्हाच शरण गेले आहेत; डोंगरांची छटा रंगवताना ते वायव्येकडून प्रकाश आल्याचे दाखवतात, आणि ज्या युरोपात हा प्रघात रुळला तिथे सूर्य दुपारी वायव्येला कधीच नसतो, याचे कोणाला काही वाटत नाही.

या भ्रमामागे प्रकाशाची दिशा आहे, हे डेव्हिड रिटनहाउस या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १७८६ सालीच नोंदवले होते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली कॅलिफोर्नियात अगदी साध्या आकृत्यांनी ते पुन्हा तपासले. वरून उजळ आणि खाली काळपट होत जाणारे वर्तुळ फुगीर दिसते, त्याच्या उलट असलेले खोलगट दिसते. आणि पाहणाऱ्याने डोके उलटे केले तर फुगीर आणि खोलगट यांची अदलाबदल होते. म्हणजे ‘वर’ याचा अर्थ इथे आकाशाच्या बाजूपेक्षा डोक्याच्या बाजूवर अधिक अवलंबून असतो. हे गृहीत इतके मुरलेले असूनही ते दगडावरची रेघ नाही. वेंडी अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली लोकांना अशाच आकृत्या डोळ्यांनी दाखवत असताना उंचवटा आणि खळगा हातांनीही जाणवू दिला, आणि स्पर्शाची साक्ष प्रकाश थोडा वेगळ्या बाजूने येत असल्यासारखी ठेवली. थोड्याच सरावात त्यांच्या दृष्टीने गृहीत धरलेली प्रकाशाची दिशा काही अंशांनी सरकली.

फोटोतल्या पृष्ठभागाचा कल माणसाला कसा दिसतो हे ठिकठिकाणी मोजण्याची एक नामी युक्ती नेदरलँड्समधील यान कूंडरिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली वापरली. ड्रॉइंग पिनसारखी दिसणारी एक छोटी आकृती, म्हणजे एक लंबवर्तुळ आणि त्याच्या मध्यातून निघालेली सुई, ते फोटोवर ठेवत, आणि पाहणाऱ्याने ती पिन त्या जागी पृष्ठभागाला चिकटून बसली आहे असे दिसेपर्यंत फिरवायची. शेकडो ठिकाणी हे केले की पाहणाऱ्याच्या मनातला उंचसखलपणा आकड्यांत हाती येतो. एकाच माणसाची उत्तरे आपसात चांगली जुळली; दोन माणसांची उत्तरे मात्र वेगळी निघाली, आणि वेगळेपण असे की एकाला दिसलेला आकार खोलीच्या दिशेने ताणला किंवा दाबला की तो बराचसा दुसऱ्याच्या आकाराशी मिळतो. यात पाहणाऱ्यांचा दोष नाही. छायाप्रकाशाची दिशा ठाऊक नसेल तर उथळ आकार आणि खोल आकार एकच चित्र देऊ शकतात, हे पुढे १९९९ साली गणिताने सिद्ध झाले. बोटभर खोलीच्या उठावशिल्पात भरीव शरीर दिसते ते याच सवलतीमुळे.

इतक्या सगळ्या अर्धवट साक्षींचा मेळ मेंदू कसा घालतो? ज्या वेळी जी साक्ष अधिक भरवशाची, त्या वेळी तिला अधिक वजन, असे त्याचे धोरण दिसते. डेव्हिड निल आणि जेफ्री सॉन्डर्स यांनी २००३ साली आणि जेम्स हिलिस, मार्टिन बँक्स आदींनी २००४ साली असे पृष्ठभाग दाखवले, की ज्यांत पोत एक कल सांगत होता आणि दोन डोळ्यांतला फरक थोडा वेगळा कल सांगत होता. लोकांना दोन कल दिसले नाहीत. मधलाच एक कल दिसला. तो कोणाच्या बाजूला झुकतो हे परिस्थितीवर ठरत होते : पृष्ठभाग फार कललेला असेल तर पोताच्या बाजूला, समोरासमोर आणि जवळ असेल तर दोन डोळ्यांच्या बाजूला. वर कोज्येची आणि टक्केवारीची जी आकडेमोड पाहिली, तिच्याशी हे जुळते. शंभरातल्या प्रत्येक उत्तराला हेच सूत्र लागू पडते असे नाही. पण जी सूत्रे मानसशास्त्रात आकड्यांनिशी टिकली, त्यांत याची गणना करावी लागेल.

[दृश्य : मेंदूचे रेखाचित्र. मागच्या बाजूपासून वरच्या बाजूकडे एक मार्ग उजळत जातो.]

ही जुळवाजुळव होते कुठे, याचा शोध जपानमध्ये लागू लागला. तोक्योच्या निहोन विद्यापीठात हिदेओ साकाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात माकडांच्या मेंदूतील पॅरायटल, म्हणजे वरच्या-मागच्या, भागात, एका घळीच्या मागच्या टोकाला, अशा चेतापेशी नोंदवल्या की ज्या विशिष्ट दिशेने कललेला पृष्ठभाग दिसला की जोमाने उद्दीपित होत. ‘कॉडल इन्ट्रापॅरायटल’ या इंग्रजी नावावरून या भागाला सीआयपी म्हणतात. केनइचिरो त्सुत्सुई आणि मंडळींनी २००२ साली याच्याही पुढची गोष्ट दाखवली. त्यांतल्या अनेक पेशींना कल पोतावरून कळो की दोन डोळ्यांतल्या फरकावरून, त्या एकाच कलाला सारखा प्रतिसाद देत होत्या; त्यांना साक्षीदार कोण याच्याशी कर्तव्य नव्हते, कल कोणता याच्याशी होते. माणसांच्या मेंदूतही कल ओळखण्याचे काम करताना याच परिसरात हालचाल वाढते, असे २००१ साली एफएमआरआय या, मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे दाखवणाऱ्या चाचणीत आढळले. या भागातून माहिती शेजारच्या पुढच्या भागाकडे जाते, जिथे वस्तू पकडण्यासाठी पंजा कसा वळवायचा हे ठरते. आणि २०१४ साली आरी रोझेनबर्ग आणि डोरा अँजेलाकी यांना असे दिसले, की माकडाला बाजूला झुकवले तरी सीआयपीतील काही पेशी कल मोजताना गुरुत्वाकर्षणाची दिशा हिशेबात धरतात. गवंडी ओळंबा आणि पाणसळ बाळगतो. मेंदूकडे त्यासाठी कानातले संतुलनेंद्रिय आहे.

पण ही सोयही फसते.

[दृश्य : लेह–कारगिल रस्ता. रस्त्याकडेचा फलक, न्यूट्रलमध्ये उभी मोटार.]

लेहपासून सुमारे तीस किलोमीटरवर ज्याला ‘मॅग्नेटिक हिल’ म्हणतात तो हा रस्ता. लडाखला जाणारे आपल्याकडचे बाइकस्वार इथे हमखास थांबतात, गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, आणि ती चढावर सरकताना पाहून थक्क होतात. इथे चुंबक नाही. रस्त्याला बारीकसा उतार आहे आणि तो चढ दिसतो. अशा जागा जगात अनेक आहेत. इटलीत पादुआ विद्यापीठातील पाओला ब्रेसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली टेबलावर मावतील अशा रस्त्यांच्या प्रतिकृती करून हा भ्रम पुन्हा घडवला. त्यांना दोन गोष्टी निर्णायक आढळल्या. खरे क्षितिज झाकलेले असले की जे काही क्षितिज म्हणून दिसते त्यावरून दृष्टी आडवी पातळी ठरवते. आणि हलक्या उताराच्या आधी, नंतर किंवा बाजूला तीव्र उतार असेल, तर त्याच्या तुलनेत हलका उतार चढ वाटतो. प्रयोग संपल्यावर त्यांनी त्या प्रतिकृतीवर चिकटपट्टीचे एक रीळ ठेवले. ते चढावर लोळत गेल्याचे पाहून लोक चकित झाले, काही तर धास्तावले. डोळ्यांसमोर वस्तू घरंगळूनही दृष्टीने आपला निष्कर्ष सोडला नाही.

साध्या टेकडीबाबतही आपला अंदाज असाच चुकतो, फक्त ते आपल्याला कोणी सांगत नाही. डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात लोकांना टेकड्यांच्या पायथ्याशी उभे करून चढ किती अंशांचा आहे असे विचारले. ५ अंशांचा चढ, म्हणजे सुमारे साडेअकरा मीटरला एक मीटर, लोकांना साधारण २० अंशांचा वाटला, आणि १० अंशांचा ३० अंशांचा. न पाहता तळहाताखालची फळी तेवढीच कलती करायला सांगितली, तेव्हा मात्र उत्तर खऱ्याच्या जवळ आले. यावरून तोंड चुकते पण हात चुकत नाही, असा निष्कर्ष निघाला. पाठीवर जड पिशवी असली की टेकडी आणखी उभी दिसते, असेही १९९९ साली सांगितले गेले. ही दुसरी गोष्ट फार लोकप्रिय झाली, आणि मला ती आरंभापासून जरा जास्तच सोयीची वाटत आली आहे. फ्रँक डर्जिन यांनी २००९ साली पिशवीत मोजमापाची उपकरणे आहेत असे सांगून लोकांच्या पाठीवर तेवढीच जड पिशवी दिली, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. आधीच्या लोकांनी प्रयोगाचा हेतू ओळखून तसे उत्तर दिले असण्याची शक्यता त्यातून पुढे आली. फळीच्या अचूकपणावरही त्यांनी पुढच्या वर्षी बोट ठेवले, कारण जवळच्या, हाताच्या टप्प्यातल्या पृष्ठभागाचा कल त्याच फळीने खऱ्याहून कमी येत होता.

मग चढ एवढा फुगून का दिसतो? डर्जिन आणि झी ली यांनी २०११ साली याचे उत्तर मोजपट्टीच्या आखणीत शोधले. आपण ज्या कलांवरून चालतो, धावतो, गाडी हाकतो, ते बहुतेक पहिल्या दहा अंशांत येतात. भारतातल्या घाटरस्त्यांचा नेहमीचा चढ वीसास एक, म्हणजे तीन अंशांनाही थोडा कमी, धरलेला असतो. नव्वद अंशांच्या पट्टीवर या कामाच्या भागाला सारखीच जागा दिली तर तीन आणि पाच अंशांतला फरक दबून जाईल. तोच भाग पसरून मांडला तर लहान फरक ठळक होतात, आणि पाऊल टाकताना उपयोग अंशांच्या आकड्याचा नसून अशा फरकाचाच असतो. पसरलेल्या पट्टीवर वाचलेला आकडा तोंडाने सांगितला की तो अर्थातच मोठा निघतो. त्याच पट्टीवर बेतलेल्या पावलाला मात्र ती कुठे पसरली आहे याची सवय आधीच झालेली असते.